नंबर गोव्याचा, नेट तिकडचं: युरोपच्या सहलीत फोनचं काय करावं

डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे चौघे दिवाळीनंतर निघणार आहेत. मोपा विमानतळावरून मुंबई, दुबईत दोन रात्री, मग लिस्बन, पॅरिस, स्वित्झर्लंड, लंडन आणि शेवटी इंग्लंडमधल्या स्विंडनला बहिणीकडे चार दिवस. एकूण १९ दिवस. त्यांचा प्रश्न असा, की भारतातलाच रोमिंग पॅक मारावा, ऑनलाइन मिळतं ते ई-सिम (कार्डाशिवाय, कोड वाचून फोनमध्ये टाकायचं सिम) घ्यावं, की तिकडे उतरल्यावर लोकल सिम? यात सगळ्यांत स्वस्त काय? आणि जाता जाता आणखी तीन गोष्टी: बँकेचे ओटीपी येतील ना, आईच्या फोनचं काय करायचं, आणि बहिणीनं तिकडचं प्रीपेड सिम आणून दिलं तर घ्यावं का?

फोंड्यात माझं तिकिटांचं आणि टूरचं ऑफिस आहे. तिकीट काढून दिलं, व्हिसाचे कागद लावून दिले की आमचं काम संपतं असं लोक समजतात. प्रत्यक्षात खरं काम माणूस तिकडे उतरल्यावर सुरू होतं. अपरात्री कुठल्या तरी हॉटेलच्या वायफायवरून फोन येतो, आणि बहुतेक वेळा तक्रार एकच असते: "नेट लागत नाही." म्हणून या विषयावर जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक गोष्ट. तुम्ही जाता जाता विचारलेला ओटीपीचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. नेट कुठूनही मिळतं. हॉटेलात वायफाय असतं, कॅफेत असतं, विमानतळावर असतं. एखादा दिवस नाही मिळालं तर फार तर रस्ता विचारत जावं लागेल. पण पॅरिसमध्ये कार्ड चाललं नाही, बँकेनं ओटीपी पाठवला आणि तुमचं भारतातलं सिम डिचोलीच्या कपाटात राहिलंय, तर कितीही स्वस्त ई-सिम घेतलेलं असो, त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो: नंबर आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी धरा. नंबर तुमचा गोव्यातलाच जिवंत ठेवा, नेट जिथून सोयीचं पडेल तिथून घ्या. तिढा होतो तो एकाच सिमकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेल्यामुळे.

नंबर जिवंत ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. सिम नुसतं फोनमध्ये असून भागत नाही. त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू नसेल तर परदेशात टॉवरच पकडत नाही, आणि टॉवर नाही तर ओटीपीही नाही. जिओ असो, एअरटेल असो, व्हीआय किंवा बीएसएनएल असो, निघण्यापूर्वी ॲपमध्ये जाऊन किंवा कस्टमर केअरला विचारून रोमिंग चालू करून घ्या. कुठे ते नुसतं चालू करता येतं, कुठे त्यासाठी एखादा लहान पॅक मारावा लागतो. हे दर आणि अटी इतक्या वेळा बदलतात की मी इथं आकडा लिहिला तर तुम्ही वाचेपर्यंत तो शिळा झालेला असेल. ॲपमध्ये देशाचं नाव टाकून बघायचं. तेही एकदा नाही, प्रत्येक देशासाठी वेगळं बघायचं. एकाच पॅकमध्ये फ्रान्स आहे आणि स्वित्झर्लंड नाही, असंही असतं.

दुसरं म्हणजे वैधता. प्रीपेड असाल तर घरी परतायच्या तारखेच्या पुढे किमान आठवडाभर जाईल असा रिचार्ज आधीच मारा. मुख्य प्लॅनची मुदत संपली की येणारे मेसेजही थांबू शकतात, आणि मग तिकडे बसून रिचार्ज करायला पुन्हा ओटीपी लागतो! घरी कोणाला तरी तुमचा नंबर देऊन "संपला तर मार रे" असं सांगून ठेवलं तरी चालतं.

एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत. कॉल उचलायला पडतात. पॅक नसताना आलेला कॉल उचललात तर मिनिटाप्रमाणे पैसे जातात, आणि ते इथल्यासारखे नसतात. त्यामुळे साध्या कॉलला उचलायचं नाही, व्हॉट्सॲपवर परत करायचा. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवा. चवथीला न आलेला मामेभाऊ नेमका तुम्ही आयफेल टॉवरच्या रांगेत असताना खुशाली विचारायला फोन करतो, हा माझा अनुभव आहे.

यात आणखी एक छुपी गोष्ट असते, ती म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. तुम्ही फोन उचलला नाही की तो दुसऱ्या नंबरावर किंवा व्हॉइसमेलवर वळवायची सोय कित्येकांच्या फोनमध्ये कधीकाळी चालू झालेली असते आणि त्यांना ठाऊकही नसतं. परदेशात असताना असा कॉल आधी तिकडे येतो आणि तिथून परत भारतात वळतो, म्हणजे खर्च दोन्हीकडचा. निघण्यापूर्वी, भारतात असतानाच, ##००२# डायल करा. सगळी वळवावळवी रद्द होते.

आता एक ठाम सल्ला. भारतातलं सिम आहे तसंच, कार्डाच्या रूपात ठेवा. हल्ली खूप जण "एक जागा रिकामी होईल" म्हणून आपला भारतातला नंबरच ई-सिमवर नेतात. एरवी त्यात काही वाईट नाही, पण प्रवासाच्या तोंडावर नको. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्या नंबरावरचे एसएमएस बंद ठेवले जातात. काही बँका त्यापुढेही व्यवहारांवर मर्यादा घालतात. शिवाय तिकडे फोन बिघडला तर कार्ड काढून मुलीच्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम असं काढून दुसरीकडे टाकता येत नाही. ते पुन्हा चालू करायला कंपनीची पडताळणी लागते, आणि ती परदेशातून करणं म्हणजे डोकेदुखी.

सिम फोनमध्येच ठेवायला आणखी एक कारण आता आलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं व्हॉट्सॲपसारख्या मेसेजिंग ॲपना आदेश दिला, की ज्या भारतीय नंबरावर खातं आहे ते सिम फोनमध्ये असायला हवं. त्यामुळे "सिम घरी ठेवतो, व्हॉट्सॲप तर वायफायवर चालतंच" हा जुना हिशेब आता धरू नका. आणि तिकडचं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारेल, नंबर बदलायचा का? नाही म्हणायचं. हो म्हटलंत तर तुमचं खातं तिकडच्या नंबरावर जाईल, आणि पुढे कधीतरी तो नंबर दुसऱ्या कोणाचा तरी होईल.

नंबराचं एवढं झालं. आता नेट. पण त्याआधी चौघांचे फोन समोर घेऊन बसा, कारण कोणता पर्याय घ्यायचा हे निम्मं तुमचे फोनच ठरवतील.

प्रत्येक फोनवर *#०६# डायल करा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) आकड्यांबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी लांबलचक नंबर दिसला तर त्या फोनमध्ये ई-सिम चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस मॉडेलपासून ही सोय आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मात्र ती बऱ्याचदा नसते. आपल्या गोव्यात एक वेगळीच भानगड आहे: अर्ध्या घरांतले फोन बाहेरून आलेले. कोणी आखातातून आणला, कोणी बोटीवर असलेल्या भावानं पाठवला, कोणाला अमेरिकेतल्या मावशीनं दिला. अमेरिकेत विकलेल्या आयफोनना मॉडेल १४ पासून सिमचा कप्पाच नाही, म्हणजे भारतातलं कार्ड त्यात जाणारच नाही. उलट चीनमध्ये विकलेल्या बहुतेक आयफोनना दोन कार्डं बसतात पण ई-सिम नसतं. आणि तिकडच्या कंपनीच्या करारावर घेतलेला फोन त्या कंपनीला लॉक असू शकतो. त्यात दुसरं कुठलंच सिम चालत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलेलं दिसलं की लॉक नाही असं समजायचं.

ई-सिम चालत नसेल तरी हिरमुसायचं कारण नाही. आपल्याकडच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची जागा असते, आणि युरोपातली कित्येक माणसं अजून एकच सिम घेऊन फिरतात. दुसऱ्या जागेत तिकडचं कार्ड घाला, काम झालं. फक्त ट्रे काढून बघा. काही फोनमध्ये दुसरी जागा सिमला किंवा मेमरी कार्डाला, अशी एकालाच मिळते. तिथं फोटोंचं कार्ड बसलेलं असेल तर ते काढावं लागेल. ट्रे काढायची पिन पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा, लिस्बनच्या विमानतळावर कानातलं काढून ट्रे उघडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमचे तीन पर्याय. यात सरसकट स्वस्त असं काही नाही. किती दिवस, किती देश आणि माणूस कोण यावर सगळं अवलंबून आहे.

भारतातल्या कंपनीचा रोमिंग पॅक लोक महाग म्हणून झटकून टाकतात. मला ते पटत नाही. तीन-चार दिवसांसाठी एकाच देशात जायचं असेल, किंवा वयस्क आई-वडील एकटे मुलाकडे निघाले असतील, तर डोळे झाकून हाच घ्यावा असं मी सांगतो. काही बदलावं लागत नाही, तोच नंबर, तेच सिम, कोणी फोन केला तर लागतो. तुमच्यासारख्या तीन आठवड्यांच्या आणि पाच देशांच्या सहलीत चौघांना चार पॅक मारले तर मात्र रक्कम फुगते, आणि रोजचा ठरलेला डेटा न वापरता वाया जातो तो वेगळा.

रोमिंगबद्दल फार लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. भारतातलं सिम परदेशात नेट घेतं तेव्हा टॉवर तिथला असला तरी तुमचा डेटा साधारणपणे भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेपर्यंत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. त्यामुळे पानं उघडायला जरा वेळ लागतो. पण याच कारणानं चीनला गेलेल्या माणसाचं व्हॉट्सॲप आणि गूगल भारतातल्या सिमवर चालतं, आणि तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. चीनच्या व्यापारी जत्रेला माल बघायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना मी म्हणूनच लोकल सिम घेऊ नका असं सांगतो. प्रवासी ई-सिमचंही असंच असतं, फक्त त्यांचा डेटा कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून फिरून येतो. तुम्ही पॅरिसमध्ये आणि गूगल भलत्याच भाषेत उघडलं तर घाबरू नका, आणि बँकेचं ॲप अशा वेळी कुरकुर करू लागलं तर हॉटेलच्या वायफायवर जाऊन बघा.

लोकल सिम हा महिना-दोन महिने एका जागी राहणाऱ्याचा पर्याय. पोर्तुगालला नागरिकत्वाच्या कागदपत्रांसाठी जाऊन राहणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांनी तिथं मेओ, नोस किंवा व्होडाफोनचं प्रीपेड सिम घ्यावं, तेही विमानतळावर न घेता गावात जाऊन. पासपोर्ट जवळ ठेवावा. जर्मनीत ओळख पटवल्याशिवाय सिम चालू होत नाही, ब्रिटनमध्ये दुकानातून चॉकलेटसारखं उचलून आणता येतं. देशागणिक रीत वेगळी.

आता युरोपातल्या नियमाबद्दल, कारण तुमच्या प्रवासात नेमकी इथंच गल्लत होणार आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही. पोर्तुगालचं सिम स्पेनमध्ये, फ्रान्समध्ये, ग्रीसमध्ये घरच्या दरात चालतं. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन हेही त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसावर) स्वित्झर्लंडला जाता येतं, म्हणून फोनही चालेल असं लोक गृहीत धरतात; व्हिसाचा आणि फोनचा नकाशा वेगळा आहे. ब्रिटन तर संघातून बाहेरच पडलं. म्हणजे तुमच्या पाच देशांपैकी पोर्तुगाल आणि फ्रान्स तेवढे या नियमात बसतात. लिस्बनला हौसेनं लोकल सिम घेतलंत तर स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला उतरल्यावर ते एक तर बंद पडेल किंवा पैसे खाईल.

(जाता जाता, पोर्तुगालचं सिम घेऊन कायम जर्मनीत राहणाऱ्यांसाठी: हा नियम प्रवाशांसाठी आहे. चार महिन्यांच्या काळात घरच्या देशापेक्षा बाहेरच जास्त वापर दिसला तर कंपनी विचारणा करू शकते आणि मग जादा आकार लावू शकते.)

म्हणून तुमच्या सहलीसाठी माझं मत प्रवासी ई-सिमला. पण "युरोप" असं नाव बघून घेऊ नका. प्रत्येक विकणाऱ्याचा युरोप वेगळा. देशांची यादी उघडा आणि तिच्यात स्वित्झर्लंड आणि युनायटेड किंगडम ही दोन नावं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुबई त्यात नसणार. दोन रात्रींसाठी संयुक्त अरब अमिरातीचं वेगळं छोटं ई-सिम घ्या, किंवा तुमच्या एकट्याच्या नंबरावर तेवढ्यापुरता रोमिंग पॅक मारा. दुबई विमानतळावर वायफाय फुकट आहे. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं जाईल पण कॉल लागणार नाही. तुमचा फोन बिघडलेला नाही, तिथं इंटरनेटवरून बोलण्यावर बंधनं आहेत आणि बोटिमसारखी परवाना घेतलेली ॲप तेवढी चालतात. व्हीपीएन (नेट दुसऱ्या देशातून फिरवून आणणारं ॲप) टाकून पळवाट काढायच्या फंदात पडू नका, तिथल्या सायबर कायद्यात त्याला जबर दंड आहे. दोन रात्री व्हॉइस नोटवर निघतात.

ई-सिम घेताना आणखी काय बघायचं? मुदत कधी सुरू होते: फोनमध्ये टाकल्यापासून, की तिकडचं नेटवर्क पकडल्यापासून? दुसऱ्या प्रकारचं असेल तर आठवडाभर आधी टाकून ठेवता येतं. हॉटस्पॉटला परवानगी आहे का? "अनलिमिटेड" लिहिलेलं असेल तर रोज किती जीबीनंतर वेग उतरतो? बहुतेक अनलिमिटेड ही अशीच असतात, आणि नेमका हॉटस्पॉटही त्यांच्यातच बंद असतो. तुमच्यासारख्या कुटुंबाला ठरावीक जीबीचं आणि हॉटस्पॉट असलेलं जास्त बरं. आणि बहुतेक प्रवासी ई-सिमना फोन नंबर नसतो, नुसतं नेट असतं. टॅक्सीचं ॲप एसएमएस मागणार असेल तर ते इथंच, भारतातल्या नंबरावर, उघडून ठेवा.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर ई-सिमवाल्याला दोष देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. तेच कार्ड तुम्हाला लिस्बनलाही वापरायचंय, त्यामुळे ही परीक्षा घरीच झालेली बरी. बँकेचा १८०० चा नंबर परदेशातून लागेलच असं नाही, म्हणून कार्डाच्या मागचा ९१ नं सुरू होणारा नंबरही लिहून घ्या.

चौघांना चार घेऊ नका. दोन घ्या: एक तुमच्या फोनमध्ये, एक मुलीच्या. कुठे दोघं-दोघं वेगळे फिरलात तर प्रत्येक जोडीकडे एक नेट राहील. बाकी दोघं हॉटस्पॉटवर. पॉवर बँक मात्र न्या, हॉटस्पॉट बॅटरी पितं.

किती जीबी? ढोबळ हिशेब असा. गूगल मॅप्सवर रस्ता बघत चालणं अगदी थोडं खातं, तासाला काही एमबी. व्हॉट्सॲपवर बोलणंही किरकोळ. व्हिडिओ कॉलला तासाला तीनशे एमबीच्या आसपास किंवा जास्त, यूट्यूब साध्या दर्जावर लावलं तरी अर्धा जीबी. सगळ्यांत मोठा चोर मात्र दिसतच नाही: दिवसभर काढलेले फोटो आणि व्हिडिओ मागच्या दारानं गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर चढत असतात. ते "फक्त वायफायवर" करून ठेवा. ॲपचे अपडेट, व्हॉट्सॲपवरचे आपोआप उतरणारे व्हिडिओ हेही तसंच. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या व्हिडिओंना परदेशात पैसे मोजायचं काही कारण नाही. एवढं केलंत तर युरोपच्या १५-१६ दिवसांना फोनमागे १० जीबी भरपूर होतील. मुलीला रील टाकायची सवय असेल तर तिचा आकडा वाढवा. लिस्बन, पॅरिस, लंडन या शहरांचे नकाशे गूगल मॅप्समध्ये घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. लंडनच्या भुयारी रेल्वेत नेट येतं-जातं.

आता सेटिंग. मघाशी म्हटलेल्या अपरात्रीच्या तक्रारींचं मूळ नव्वद टक्के वेळा इथंच सापडतं. मडगावचं एक कुटुंब लिस्बनला उतरलं. ई-सिम टाकलेलं, वर नेटवर्कच्या दांड्या पूर्ण, तरी एक पान उघडेना. विमानतळाच्या वायफायवरून त्यांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवला. "डेटा रोमिंग" बंद होतं. "तुम्हीच सांगितलं ना, रोमिंग बंद ठेवा म्हणून!" सांगितलं होतं, पण भारतातल्या सिमचं. प्रवासी ई-सिम हे स्वतःच कुठल्या तरी परक्या कंपनीचं असतं आणि तिकडच्या टॉवरवर पाहुणं म्हणूनच जातं. त्याचं डेटा रोमिंग चालूच हवं. एका फोनमध्ये दोन ओळी, म्हणजे दोन सिम, आणि दोन्हींची सेटिंग उलटी.

म्हणून आधी दोन्ही ओळींना नावं द्या. 'गोवा' आणि 'प्रवास' अशी. मग 'गोवा' ओळीचं डेटा रोमिंग बंद, 'प्रवास' ओळीचं चालू. मोबाइल डेटा कुठल्या ओळीवरून घ्यायचा, तर 'प्रवास'. कॉल आणि एसएमएस 'गोवा'. आणि शेवटचं, जे सगळे विसरतात: आयफोनमध्ये 'अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग', सॅमसंगमध्ये 'ऑटो डेटा स्विचिंग' असं एक बटण असतं. एका सिमचं नेट गेलं की फोन गुपचूप दुसऱ्याचं घेतो. इथं ते सोयीचं, तिकडे ते भारतातल्या सिमवर नेट ओढायला लागेल. बंद करा.

ई-सिम घरीच, स्वस्थपणे टाका. क्यूआर कोड मुलीच्या फोनवर उघडायचा आणि तुमच्या फोननं वाचायचा. ज्या फोनवर कोड आलाय त्याच फोननं तो कॅमेऱ्यासमोर कसा धरणार? एकदा टाकलेलं ई-सिम डिलीट करू नका, कारण बहुतेक कोड एकदाच चालतात. काही बिघडलं तर ओळ बंद करून पुन्हा चालू करा, फोन रीस्टार्ट करा, नेटवर्क आपोआप ऐवजी हातानं निवडून बघा. जाण्या-येण्यात इस्तंबूलला थांबणाऱ्यांनी तर हे आधीच उरकावं. २०२५ च्या जुलैपासून तुर्कस्ताननं बऱ्याच परदेशी ई-सिम विक्रेत्यांची संकेतस्थळं अडवली आहेत, तिथं उतरल्यावर विकत घ्यायला जाल तर पानच उघडायचं नाही.

विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, आणि हे नुसतं नियमासाठी सांगत नाही. काही विमानांत उपग्रहावरून चालणारं मोबाइल नेटवर्क असतं. फोन त्याला चिकटला तर त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त, आणि साध्या देशाच्या पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. क्रूझच्या जहाजांवरही तेच. बोटीवर काम करणारी आपली मुलं हे चांगलं जाणतात. किनारा सुटला की सिम बंद आणि बोटीचं वायफाय.

आता आईंचा फोन. त्यांच्याकडे कोणता फोन आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बटणांचा जुना २जी फोन असेल तर तो घरीच ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये २जी बंद झालंय, आणि सिंगापूर, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत २०२४ मध्ये ३जी सुद्धा गेलं. स्मार्टफोन असेल तर त्यांच्यासाठी वेगळं नेट घेऊ नका. हॉटेलात वायफाय, बाहेर मुलीचा हॉटस्पॉट. त्यांच्या सिमवर रोमिंग चालू ठेवा आणि डेटा बंद. घरून कोणी फोन केला तर उचलायचा नाही हे त्यांच्या गळी उतरणार नाही, उतरवायलाही जाऊ नका. कॉलचा एखादा लहान पॅक त्यांच्याच नंबरावर मारा. चौघांत पॅक कोणाला हवाच असेल तर तो त्यांना. चुकामूक झाली तर फोनवर विसंबू नका: हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या पर्समध्ये. ११२ हा तातडीचा नंबर पोर्तुगालपासून ब्रिटनपर्यंत सगळीकडे चालतो, आपल्याकडे चालतो तसाच. तो मात्र त्यांना पाठ करवा.

चोरीबद्दल थोडकंच. पॅरिसच्या मेट्रोत खिसेकापू आहेत आणि लंडनमध्ये सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेतात. तुमचा फोन गेला तर नंबर, बँक, यूपीआय सगळं एकदम जाईल. म्हणून पत्नीच्या फोनवर आणि त्यांच्या नंबरावर, दुसऱ्या बँकेचं एक कार्ड असू द्या. फूटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, दुकानाच्या आत शिरून बघा.

राहता राहिलं स्विंडन. बहिणीनं लंडनला येताना एखादं प्रीपेड सिम आणून दिलं तर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. तिथं सिमला ओळखपत्र लागत नाही, स्विंडनला आपल्या गोव्याची माणसं इतकी आहेत की कोण ना कोण कार्ड काढून देईलच. पण ते कोणासाठी? तुमच्या ई-सिमच्या यादीत ब्रिटन असेल आणि डेटा शिल्लक असेल तर गरज नाही, बहिणीच्या घरी वायफाय आहेच. मुलगी एकटी लंडनला पुन्हा जाणार असेल, तिला तिथला नंबर हवा असेल, तर तिच्यापुरतं घ्या, दुसऱ्या जागेत घाला आणि तिचं भारतातलं कार्ड काढायला लागणार नाही ना ते आधी बघा. पॅरिस सोडायच्या आदल्या रात्री दोन्ही ई-सिममध्ये किती जीबी उरलेत ते ॲपमध्ये पाहा आणि मग बहिणीला कळवा.